समोरच्या नजरेचं काय करायचं?

तू ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही थेट अरे-तुरेवर येते. वाचणाऱ्यांसाठी तुझं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. वय २४. कोल्हापुरात कॉलेजच्या एकांकिका केल्या, बक्षिसं मिळाली, मग नोकरीसाठी पुण्यात आलास. दिवसा कंपनीत सपोर्टचं काम, संध्याकाळी सात ते दहा तालीम. सध्या चालू असलेल्या दोन अंकी प्रायोगिक नाटकात तू नवरा आहेस आणि बायकोचं काम करणाऱ्या मुलीवर तुझं प्रेम बसलंय. दिवाळीनंतर तू तिला विचारलंस. तिने टाळलं नाही, झुलवलं नाही, समोर बसून नीट नाही म्हणून सांगितलं. पण दुसऱ्या अंकात, स्वयंपाकघरातल्या प्रसंगात, ती तुझ्याकडे ज्या नजरेनं बघते 'ती खोटी असूच शकत नाही', असं तू लिहिलंयस. मग नकार खरा मानायचा की नजर? आत जे चाललंय ते भूमिकेत वापरायचं का? आणि नोकरी सोडून पूर्णवेळ प्रायोगिकच करायचं का?

नजरेपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळा गुंता तिथून निघालाय.

ती नजर खोटी नाही, हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. ती तुझ्यासाठी आहे, हा तू काढलेला अर्थ चुकीचा आहे. त्या प्रसंगात तिच्यासमोर तिच्या पात्राचा नवरा उभा असतो. त्याच्याबरोबर काढलेली वर्षं तिने संहितेतून वेचून, नसतील तिथे स्वतः रचून मनात बसवलेली असतात. नुसत्या डोळ्यांवर असं काही येत नाही. कुठल्या शब्दाला मान वर करायची, किती थांबायचं, श्वास कधी सोडायचा, हे तालमीत ठरत गेलेलं असतं. दिग्दर्शकाने 'इथे घाई करू नकोस' म्हटलेलं तूही ऐकलं असशील. त्याच नाटकात तू वडिलांच्या अंगावर धावून जातोस म्हणतोस. त्या वेळी तुझ्या कपाळाची शीर खरीच ताठ होते ना? आणि प्रयोग संपल्यावर वडिलांचं काम करणाऱ्या त्याच काकांबरोबर कटिंग मारतोस. त्यांनी त्या रागाचा अर्थ लावत रात्रभर जागायचं ठरवलं तर तुला काय वाटेल?

यातलं मला माहीत असलेलं सगळ्यात गमतीदार उदाहरण १८९९ सालचं, मॉस्कोचं. मॉस्को आर्ट थिएटरने रशियन लेखक चेखॉव्हचं 'अंकल वान्या' केलं. त्यात डॉक्टर आस्त्रोव्ह झाले होते स्वतः स्तानिस्लाव्हस्की, त्या थिएटरच्या संस्थापकांपैकी एक आणि दिग्दर्शक. सोन्या नावाची साधी, कामसू मुलगी या डॉक्टरवर मुकाट्याने जीव लावून बसलेली आहे आणि त्याचं तिच्याकडे लक्षही नाही. त्याचं लक्ष देखण्या येलेनाकडे. आता ही सोन्या कोण करत होती? मारिया लिलिना, स्तानिस्लाव्हस्कींची बायको. येलेना करत होत्या ओल्गा क्निपर, ज्यांच्याशी पुढे १९०१ मध्ये खुद्द चेखॉव्हने लग्न केलं. म्हणजे रंगमंचावर बायको नवऱ्यासाठी झुरतेय, नवरा तिला ओलांडून लेखकाच्या होणाऱ्या बायकोकडे बघतोय आणि प्रयोग संपला की नवरा-बायको एकाच घरी जातायत. त्यातली कुठलीच नजर खोटी नव्हती. खोटी असती तर ते नाटक उभंच राहिलं नसतं.

याच नाटकाची आणखी एक गोष्ट तुला उपयोगाची आहे. शेवटच्या अंकात आस्त्रोव्ह येलेनाचा निरोप घेतो. स्तानिस्लाव्हस्की तो प्रसंग फार पेटून, प्रेमात पोळलेल्या माणसासारखा करतायत, असं क्निपरबाईंनी चेखॉव्हला कळवलं. चेखॉव्हने उलट लिहिलं की हे चूक आहे. आस्त्रोव्हला कळून चुकलंय की ती आपल्या हातून गेली. आफ्रिकेतल्या उन्हाळ्याबद्दल बोलावं त्याच सुरात तो या वेळी तिच्याशी बोलतो. लेखक स्वतः आजारपणामुळे याल्टात अडकलेला, नाटक मॉस्कोत, आणि तरी त्याला पत्रावरून कळतंय की नट कुठे जास्त करतोय. तूसुद्धा स्वयंपाकघराच्या प्रसंगात जास्त करत असणार. मी प्रयोग पाहिलेला नाही, पण तुझ्या लिहिण्यावरून मला पैजेवर सांगता येईल.

दुसरा मुद्दा जरा कडक आहे. तिच्या कामातून तुला 'खरं काय ते निसटतंय' असं तू मानतोस, तेव्हा तिला अभिनय येतच नाही असं तू म्हणत असतोस. हे तिला कळतं. समोरचा नट आपली नजर घरी घेऊन जातोय, याचा वास बायकांना फार लवकर येतो. मग काय होतं ते मी पुष्कळ तालमींत पाहिलंय. ती नटी डोळ्यांत बघायचं सोडते आणि कपाळाकडे किंवा कानाच्या पाळीकडे बघू लागते. तिसऱ्या रांगेतून फरक कळत नाही, पण समोरच्याला कळतो. मग तिचा पॉज आखडतो. हातात काहीतरी काम असावं म्हणून ती भांडी आवरायला लागते, जी ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे तालमीत ठरलेल्या हालचालींत, नव्हती. दिग्दर्शक ओरडतो, 'अरे, परवापर्यंत मस्त होत होता हा सीन, काय झालं तुम्हाला?' काय झालं ते कोणीच बोलत नाही. तुला तिची नजर हवी असेल, पात्राला हवी म्हणतेय मी, तर ती तिच्याजवळच राहू दे.

आता 'वापरू का' या प्रश्नाकडे.

तरुण नटाला वाटतं की खऱ्या दुःखाची शिदोरी आपल्याजवळ आहे, ती सोडली की भूमिका झालीच. या समजुतीला शास्त्रीय आधारही मिळतो, कारण भावनिक स्मृतीचा, म्हणजे स्वतःची जुनी भावना आठवून ती भूमिकेत आणण्याचा, विचार स्तानिस्लाव्हस्कींनीच मांडला आणि आपल्याकडच्या शिबिरांत तो अर्धामुर्धा शिकवला जातो. पुढचं मात्र फारसं सांगत नाहीत. स्टेला ॲडलर ही अमेरिकन नटी १९३४ साली पॅरिसमध्ये स्तानिस्लाव्हस्कींना भेटली, त्यांच्याबरोबर काम केलं आणि परत जाऊन तिने आपल्या ग्रुपला सांगितलं की तुम्ही ज्यावर एवढा भर देताय त्यावर म्हातारबुवा आता थांबलेले नाहीत. त्यांचा भर आता दिलेली परिस्थिती, कल्पनाशक्ती आणि कृती यांच्यावर आहे. माणूस काय करतो हे धर, काय वाटतंय ते मागून येतं.

अनुभव याला दुजोरा देतो. स्वतःचं ताजं दुःख पहिल्या दोन-तीन प्रयोगांना भरभरून येतं. लोक विंगेत येऊन हात हातात घेतात. मग एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला, जेवून आल्यावर, ते येत नाही. तू आत शोधतोस, सापडत नाही, आणि शोधण्याच्या नादात समोरचीचं वाक्य ऐकायचं राहतं. याहून वाईट म्हणजे ते दुःख टिकावं असं तुला वाटायला लागतं. जखम भरली तर भूमिका जाईल, म्हणून माणूस खपली काढत बसतो. तिचे जुने मेसेज वाचून एन्ट्री घेणारा एक नट मला माहीत आहे. नाटक बंद झालं आणि त्याला ते मेसेज वाचणं बंद करता येईना.

मग न मिळणारं प्रेम रंगमंचावर करायचं कसं? मी सोन्या केली होती, मराठी रूपांतरात. एका छोट्या सभागृहात, जिथे पहिल्या रांगेतल्या माणसाचे पाय आमच्या सतरंजीवर येत. दुसऱ्या अंकात रात्री उशिराचा प्रसंग आहे. डॉक्टर प्यायलेला आहे, घरात सगळे झोपलेत, सोन्या त्याला फडताळातलं खायला काढून देते. दोघं उभ्या उभ्याच खातात. मी सुरुवातीच्या तालमींत त्याच्याकडे बघून डोळे भरून आणत असे. दिग्दर्शक काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातात खरं चीज, खरी सुरी आणि बोथट धारेचा त्रास दिला. म्हणाले, 'तुकडे सारखे झाले पाहिजेत. त्याला दोन, तुला एक. आणि तो बोलतोय तेवढ्यात झालं पाहिजे.' सुरी बोथट, चीज फ्रीजमधलं, घट्ट. मी कापण्यात गुंतले आणि तो जंगलांबद्दल, आजाऱ्यांबद्दल, आपल्या थकव्याबद्दल बोलत राहिला. तिसऱ्या की चौथ्या तालमीला मला कळलं की सोन्या या प्रसंगात दुःखी नाहीच. ती खुशीत आहे! तो आपल्याजवळ उभा आहे, आपल्या हातचं खातोय, दारू सोडीन म्हणतोय. त्याने आपल्याला काहीही सांगितलेलं नाही तरी तो निघून गेल्यावर तिला आनंद मावत नाही. रडायचं काम प्रेक्षकांचं आहे, कारण त्यांना पुढचं दिसतंय.

झुरणं दाखवता येत नाही. आशा दाखवता येते, कारण आशेत हातांना काम असतं. आपण दुसऱ्यासाठी चहा जास्त टाकतो, जागा धरून ठेवतो, त्याच्या पेनांची टोपणं सांभाळतो. तुझ्या नवऱ्याच्या भूमिकेत हे शोध. त्याची बायको दूर जातेय ना? मग त्या स्वयंपाकघरात तो काय दुरुस्त करतोय? गॅसची नळी, डब्याचं झाकण, काहीतरी असेलच. संहितेत नसेल तर दिग्दर्शकाकडे माग.

आणि हो, आशेबद्दल त्याच नाटकात पुढे एक फार निर्दय प्रसंग आहे. येलेना सोन्याला म्हणते की मी त्याला विचारून बघते. सोन्या घाबरते. न कळलेलंच बरं, निदान आशा तरी राहते, असं तिचं म्हणणं असतं. तुझं दिवाळीनंतर असंच झालंय बघ. उत्तर मिळालंय, ते पुरेसं स्पष्ट आहे, आणि तू नजरेचा प्रश्न काढून ते पुन्हा 'न कळलेलं' करायच्या खटपटीत आहेस.

चेखॉव्हने 'सीगल' लिहीत असताना एका पत्रात गमतीने लिहिलं होतं की या नाटकात थोडीच घटना आहे आणि पाच पूद प्रेम आहे. पूद हे रशियाचं जुनं वजन, पाच पूद म्हणजे ऐंशी किलोच्या वर. त्यातलं जवळजवळ सगळं प्रेम भलत्याच पत्त्यावर गेलेलं. ते विनोदी नाटक आहे असंही त्याने लिहून ठेवलंय. सध्या तुला यात हसण्यासारखं काही दिसणार नाही, पण नाटकाच्या धंद्यात राहणार असशील तर कधीतरी दिसू दे.

आपल्याकडे वळू. मराठीत या विषयावर मला सगळ्यात जवळचं वाटतं ते तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट'. १९८१ साली ते रंगमंचावर आलं, मित्रा या नायिकेचं काम रोहिणी हट्टंगडींनी केलं. बहुतेकांना ते आठवतं एका स्त्रीचं दुसऱ्या स्त्रीवरचं प्रेम मांडणारं मराठीतलं धाडसी नाटक म्हणून, आणि ते खरंच आहे. पण नट म्हणून ते वाचताना बापूकडे बघ. बापू निवेदक आहे, त्याचं मित्रावर प्रेम आहे, आणि मित्राचं प्रेम आहे नमा या मुलीवर. मित्राचं हे प्रेम उमलतं तेही कॉलेजच्या नाटकात, समोरासमोर काम करताना. म्हणजे तुझाच प्रश्न, एका वेगळ्या जागी. बापूला हे कळल्यावर तो जातो कुठे? कुठेच नाही. तो मित्र म्हणून राहतो, तिच्यासाठी धावपळ करतो, खोली वापरू देतो. तो संत नाही. चिडतो, वैतागतो, शेवटी शेवटी थकून अंगही काढून घेतो, आणि ते त्याला पुढे डाचत राहतं. तेंडुलकरांनी त्याला सोज्वळ केलं नाही म्हणून तो पटतो. नाही ऐकल्यावर दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात कितपत राहायचं, हा प्रश्न त्या भूमिकेत ओळीओळीला आहे. जमलं तर त्याची काही स्वगतं पाठ कर, प्रयोगासाठी नव्हे, तोंडाला सवय व्हावी म्हणून.

दुसऱ्या टोकाला शकार. 'मृच्छकटिक'मधला राजाचा मेहुणा. देवलांनी ते संगीत नाटक म्हणून मराठीत आणलं तेव्हापासून आपल्या प्रेक्षकांनी शकाराला हसून घेतलंय. तो पुराणातली नावं चुकीची जोडतो, वसंतसेनेच्या मागे धावताना धडपडतो, आणि आपण हसतो. मग त्या बागेत वसंतसेना त्याच्या तावडीत सापडते, पुन्हा नाही म्हणते, आणि तोच विनोदी माणूस तिचा गळा आवळतो. ती वाचते, पण त्याच्या दृष्टीने त्याने तिला मारलेलंच आहे. उलट खुनाचा आळ तिचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या चारुदत्तावर घालायला तो न्यायालयात जातो. आजचं वर्तमानपत्र उघड. 'एकतर्फी प्रेमातून' या दोन शब्दांनी सुरू होणारी बातमी कुठल्या पानावर असते ते तुला माहीत आहे. तू शकार आहेस असं मी म्हणत नाहीये. पण तिचं नाही ऐकून पुरावे गोळा करत बसणं, तिच्या नजरेवरून तिचंच म्हणणं खोटं ठरवणं, ही त्या वाटेवरची पहिली पायरी आहे. 

म्हणून काही रोजच्या गोष्टी. तालमीनंतर तिला बाईकवर सोडायला तू जातोस असं लिहिलंयस, ते बंद कर. तिच्या बाजूने जाणारं दुसरं कोणीतरी असतं, नसेल तर ग्रुपने रिक्षाचे पैसे द्यावेत. फक्त नाटकाचं बोलणं, तेही ग्रुपवर. प्रयोगाआधी दोघांनी ओळी टाकून घेता ना, त्या विंगेत सगळ्यांसमोर घ्या. स्वयंपाकघरातला स्पर्श जेवढा ब्लॉकिंगमध्ये ठरलाय तेवढाच, त्यात प्रयोगागणिक 'सुचलं म्हणून' भर नको. काही बदलायचं असेल तर दिग्दर्शकासमोर, तिला विचारून. प्रयोग संपला की आधी कपडे बदल, मेकअप काढ, मग बाहेर ये. पात्राच्या शर्टात तिच्याशी गप्पा मारत उभा राहू नकोस. आमच्याकडे काही दिग्दर्शक प्रयोगानंतर सगळ्यांना वर्तुळात उभं करून एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारायला लावतात. ऐकायला बालवाडीसारखं वाटतं, पण करून बघ, उपयोग होतो.

दिग्दर्शकाला माहीत आहे का? नसेल तर तू सांग. तिने सांगायची वेळ येऊ देऊ नकोस. प्रायोगिक ग्रुपमध्ये सगळे मित्र असतात, त्यामुळे तक्रार करायला जागाच नसते, आणि मुली काम सोडून निघून जातात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे आपल्या बहुतेक तालमीच्या हॉलमध्ये कोणी कधी बोललेलं नसतं. तू तिथवर जाणारा मुलगा वाटत नाहीस. तरी तुझ्या ग्रुपने हा विषय एकदा काढावा, आणि तो एखाद्या मुलीलाच काढावा लागू नये.

आता नोकरी.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नोकरी सोडायचा विचार 'गेल्या काही महिन्यांत पक्का होत गेला' असं तू लिहितोस. तिचा नकारही त्याच काळातला आहे. नोकरी सुटली की तू दिवसभर तालमीच्या हॉलवर, सेट रंगवायला, पोस्टर लावायला, सगळीकडे मोकळा. आणि ती कुठे असते? तिथेच. मी वाकड्यात शिरतेय असं वाटलं तर सोडून दे, पण एक करून बघ. हीच नोकरी सोडून तू ज्या नाटकात ती नाही अशा दुसऱ्या ग्रुपचं नाटक करशील का? सांगलीत जाऊन? उत्तर लगेच हो आलं तर पुढचं वाच. 'बघू' आलं तर नोकरीला हात लावू नकोस.

पैशाचं गणित कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. समज, छोट्या सभागृहात शंभर खुर्च्या आहेत, तिकीट अडीचशे. हाऊसफुल्ल गेलं तर पंचवीस हजार. असं क्वचित होतं, आणि झालं तरी त्यातले दहा-पंधरा पाहुणे असतात. साठ तिकिटं गेली असं धर, म्हणजे पंधरा हजार. त्यातून सभागृहाचं भाडं, लाइट, सेटचा टेम्पो, बॅकस्टेजच्या दोन पोरांचे पैसे, चहा-वडापाव, इस्त्री, ऑनलाइन तिकिटांचं कमिशन. उरलं तर आठ-दहा नटांत वाटायचं. हातात येतात ते पैसे घरी जायच्या रिक्षाला पुरतात, हे विनोदाने म्हणत नाहीये. महिन्याला चार प्रयोग लागले तर आपण म्हणतो, नाटक जोरात चाललंय! व्यावसायिकला नाईट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, मिळते, दौरे असतात, पण तिथे शिरायला चेहरा लागतो आणि चेहरा मिळतो मालिकेतून. मालिकेची शिफ्ट बारा तासांवर जाते आणि पैसे करारात नव्वद दिवसांनी लिहिलेले असतात. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांचं घरभाडं तुझ्या खिशातून. सरकारचं अनुदान प्रायोगिक नाटकालाही आहे, पण ते संस्थेला निर्मितीसाठी मिळतं, नटाच्या किराणा मालाला नव्हे.

यावर लोक म्हणतात, मोठ्यांनी कसं केलं? मोठ्यांनी नोकऱ्या केल्या. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीची मंडळी आठव, 'घाशीराम कोतवाल' नाटकवाली. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्राच्या कामावर, आणि त्याच काळात 'महानिर्वाण' लिहितायत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नाटक धरलं. तेव्हा ते चाळिशीत होते, प्रायोगिकमध्ये वर्षानुवर्षं घासलेले, आणि गेले ते व्यावसायिक रंगभूमीवर. दादरच्या छबिलदास शाळेत सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकाची जी चळवळ उभी राहिली, तिथे संध्याकाळी येणारे बहुतेक जण दिवसा बँकेत, एलआयसीत, शाळेत, कचेरीत होते. पाच-साडेपाचला सुटायचं, गल्लीतला वडा खायचा आणि तालमीला उभं राहायचं. ती व्यवस्था आता मोडलीय, हे मी मान्य करते. आठ तासांची, सहाला सोडणारी, दादरला घर असणाऱ्याची नोकरी तुझ्या पिढीला मिळत नाही. तुझी कंपनी कधी रात्रीच्या शिफ्टही लावते, हिंजवडीहून डेक्कनला यायला दीड तास जातो. म्हणून मी तुला 'नोकरी करत कर' एवढंच सांगून सोडणार नाही.

नोकरी बदल. पगार कमी झाला तरी चालेल, पण संध्याकाळ तुझी राहील अशी बघ. घरून काम, शहराच्या या बाजूला, शिकवणं, डबिंग, ऑडिओबुकचं वाचन. आवाज चांगला असेल तर डबिंगवर आमच्यातल्या बऱ्याच जणांची घरं चालतात, आणि जिभेला वळणही राहतं. सहा महिन्यांचा खर्च बँकेत पडल्याशिवाय पूर्णवेळ वगैरे बोलू नकोस. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, नाटकालाही मिळते, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. वयाची अट १८ ते २५, म्हणजे तुझ्याकडे फार वेळ नाही. गुरूकडे किंवा संस्थेत पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. तुझं एकांकिकांचं वय धरलं तर कोल्हापूरच्या सरांकडून तो मिळायला हवा. त्यांना आजच फोन कर.

आणि 'नाटक हेच माझं एकतर्फी प्रेम' असं जे तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस ते मला मुळीच मान्य नाही. हे वाक्य आमच्या क्षेत्रात फार चालतं, पुरस्काराच्या भाषणात तर हमखास. नाटक परत देतं. शंभर माणसं एकाच जागी श्वास धरतात तेव्हा तुला तुझ्या पाठीवर ते कळतं, पुढच्या प्रयोगाला तेच वाक्य पडतं तेही कळतं. इतकं स्वच्छ, इतकं लगेच उत्तर देणारं दुसरं काही मला माहीत नाही. ते पैसे देत नाही, हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो हिशेबानेच सोडवायचा. त्याला प्रेमभंगाचं नाव दिलं की फुकट राबणं शोभून दिसतं, आणि नटांना फुकट राबवून घेणाऱ्यांना तेच हवं असतं. पुढच्या वेळी प्रवासखर्च मागायला लाजू नकोस.

राहिला प्रश्न हे नाटक सोडायचा. तू तो विचारला नाहीस, पण मला वाटतं तो विचारायला हवा होतास. वर सांगितलेलं सगळं चार-पाच प्रयोग करून बघ. विंगेत उभा असताना तुझं लक्ष स्वतःच्या एन्ट्रीवर असेल तर राहा. तिच्या हालचालींवर असेल तर रिप्लेसमेंट दे. त्यात नाट्य काही नाही, मराठीत रोज कोणीतरी कोणाच्या तरी जागी उभं राहतं. दिग्दर्शकाला निदान तीन प्रयोग आधी सांग. कारण त्याला खरं सांग, बाकीच्यांना नोकरीचं सांगितलं तरी चालेल. ब्लॉकिंगची वही नव्या मुलाला दे, त्याच्याबरोबर दोन तालमी बस, तुझे क्यू कुठे अडतात ते दाखव. शर्टाचं माप वेगळं असेल तर कपडेपटवाल्याला आधी कळव, नाहीतर ऐन प्रयोगाला बटणं लागत नाहीत. स्वयंपाकघराचा प्रसंग मात्र तू त्याला शिकवू नकोस. तो त्या दोघांनी आणि दिग्दर्शकाने पहिल्यापासून बसवायचा.